चित्राशेजारी उभं राहायचं नाही

आमच्या सरांच्या वर्गात 'मला असं म्हणायचं होतं' हे वाक्य उच्चारायला बंदी होती. कुणी शिवी दिली तर सर एकवेळ कानाडोळा करत. बिडी ओढताना पकडलं तरी 'खिडकी उघड' एवढंच म्हणत. पण कुणी स्वतःच्या चित्राकडं बोट करून 'सर, मला असं म्हणायचं होतं की...' असं सुरू केलं, की दाढ दुखत असल्यासारखा त्यांचा चेहरा व्हायचा. "तू कोण? चित्राचा वकील?" ते विचारत. "उद्या तू मेला तर चित्राशेजारी कोण उभं राहणार सांगायला? तुझा बाप?"

पदवीच्या वर्गात ही भाषा शोभते का, असा प्रश्न आम्हाला तेव्हा पडला नाही. औरंगाबादच्या जुन्या भागातल्या एका दगडी इमारतीत आमचं चित्रकलेचं महाविद्यालय भरायचं. बाजूलाच साहित्य-वाणिज्याचं दुसरं महाविद्यालय होतं. मधल्या पटांगणातलं कँटीन तेवढं दोघांचं एक. तिकडची मुलं मोठमोठी पुस्तकं घेऊन फिरत आणि आम्हाला 'पेंटर लोक' म्हणत. आमच्यापैकी अर्ध्यांना तरी पुढं पाट्याच रंगवायच्या आहेत हे त्यांना ठाऊक होतं, आम्हालाही होतं. सरांना मात्र ते मान्य नव्हतं. त्यांच्या मते आम्ही तिथं बोलायला शिकत होतो.

शनिवारी सकाळी 'वाचन' असायचं. शब्द त्यांचाच. ज्याचा नंबर असेल त्यानं आपलं चित्र इझलवर लावायचं आणि वर्गाबाहेर जायचं. व्हरांड्यात पाण्याचा रांजण होता, त्याच्याजवळ उभं राहायचं. दार लावून घेतलं जायचं. मग आत बाकीच्यांनी त्या चित्रात काय दिसतं ते सांगायचं. चांगलं-वाईट नाही, आवडलं-नावडलं नाही, फक्त काय दिसतं ते. सर खिडकीच्या कट्ट्यावर बसून ऐकत आणि कुणी हवेत बोलायला लागलं की म्हणत, "कुठं दिसतंय? बोट ठेव." सगळ्यांचं झालं की बाहेरच्याला आत बोलवायचं आणि आम्हाला काय काय दिसलं ते त्याला ऐकवायचं. त्यानं ऐकून घ्यायचं. ज्यानं चित्र काढलं त्यानं त्याबद्दल तोंड उघडायचं नाही, हा नियम.

बाहेर उभं राहणं फार वाईट. दाराच्या फटीतून आवाज येत, शब्द कळत नसत. मधेच हशा पिकला की तो आपल्याच चित्रावर असं वाटायचं. मी तालुक्याच्या गावाहून आलेली मुलगी. माझा पहिला नंबर आला तेव्हा मी आईचं चित्र लावलं होतं. आई त्या दिवसांत तापानं आजारी होती. वाकळ ओढून भिंतीकडं तोंड करून निजलेली, तशी मी ती काढली होती. काढताना रडलेही होते. आत बोलावल्यावर ऐकलं ते असं : एकाला डोंगर दिसला, दुसऱ्याला कडबा लादलेली बैलगाडी, आणि देशमुख नावाच्या पोराला तर दौलताबादचा किल्ला. मी नियम विसरून ओरडले, "सर, ती माझी आई आहे!"

"आई तुझ्या मनात आहे," सर म्हणाले. "कागदावर डोंगर आहे. जा, पुन्हा काढ."

दुपारी मी रांजणापाशी तोंड धूत होते तर ते पाणी प्यायला आले. मला वाटलं आता समजूत काढतील. समजूत काढणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. तांब्या खाली ठेवत ते म्हणाले, "बाहेर उभं राहायची सवय कर, पोरी. माणसाचा लई वेळ तिथंच जातो." आणि शर्टाच्या बाहीला तोंड पुसत निघून गेले. असा राग आला होता की विचारू नका.

मी ते चित्र पुन्हा काढलं, पुन्हा काढलं. वर्ष सरत आलं असताना एका शनिवारी आतून हशा आला नाही. मग दार उघडलं आणि देशमुख म्हणाला, "कुणाची तरी आई आहे. बरं नाही तिला." सर कट्ट्यावरून एवढंच म्हणाले, "ऐकलं?" तोपर्यंत माझी खरी आई ठणठणीत होऊन चुलीपुढं बसली होती. चित्रातली मात्र कायमची आजारी राहिली. पण त्या दिवसापासून मी सरांची झाले, आणि अशी एकेका शनिवारी सरांची होत गेलेली पुष्कळ मुलं होती.

दिसायला सर उंच, पण खांद्यात वाकलेले. दंतमंजनाच्या रिकाम्या डबीत कोळशाच्या कांड्या ठेवत. त्यामुळं खिसे काळे, रुमाल काळा, बोटं तर काळीच. हसताना त्यांना क्वचित पाहिलं. वर्गात आले की दोन-तीन मिनिटं खिडकीबाहेर बघत उभे राहत, जणू कुणाची तरी वाट बघतायत आणि तो येणार नाही हेही त्यांना माहीत आहे. मग फळ्याशी जात आणि काढायला लागत. आम्हाला शिकवलेलं सगळं त्यांनी काढून शिकवलं. राग म्हणजे काय हे सांगायचं तर ते फक्त दोन खुर्च्या काढत, एकमेकींकडं पाठ केलेल्या. तेवढं पुरायचं.

त्यांची एक लकब होती. चित्र काढायला ते नेहमी कागदाच्या उजव्या कडेनं सुरुवात करत आणि डावीकडं सरकत जात. स्केचबुकसुद्धा मागच्या पानापासून वापरत. आम्ही सगळे डावीकडून उजवीकडं जाणारे. देशमुखनं यावर एक सिद्धान्तच रचला होता. सर उगवतीकडून मावळतीकडं बघतात, म्हणून त्यांच्या चित्रात उदासी येते, असा काहीतरी तो होता. देशमुख म्हणजे आमच्या वर्गातला बोलका. घरी शेतीवाडी, अंगात पाटीलकी, आणि जिभेवर सरस्वती नाचायची. आम्ही त्या सिद्धान्तावर माना डोलावल्या आणि काही दिवस आम्हीही उजवीकडून काढायचा प्रयत्न करून पाहिला. सरांनी ते बघितलं आणि पुढच्या इझलकडं वळले.

खरं कारण साधं होतं. तेही सरांनी कधी धड सांगितलं नाही, तुकड्यातुकड्यांनी आमच्या कानावर आलं. सर लहानपणी निजामाच्या राज्यात शहरातल्या उर्दू शाळेत शिकले. घर शेतकऱ्याचं, बोली मराठी, पण पाटीवरची पहिली अक्षरं उर्दू. हुशार होते, अक्षर मोत्यासारखं होतं म्हणे. मग पोलीस अॅक्शन झाली. निजामाचं राज्य गेलं, हळूहळू शाळा मराठी झाली, गुरुजी बदलले, आणि दहा-अकरा वर्षांच्या या पोराला पुन्हा श्रीगणेशापासून बसवलं. तो वही मागून उघडायचा, उलट्या बाजूनं लिहायला लागायचा, आणि हातावर छड्या खायचा. छड्यांनी मराठी काही मोत्यासारखी आली नाही. फळ्यावर मराठीत एक ओळ लिहायची म्हटलं तरी सरांना घाम फुटे. वेलांट्या चुकत, अक्षरं लहान पोरासारखी येत. आम्ही मागच्या बाकावर खुसखुसायचो. "मी दोनदा अडाणी झालो बाबा," ते एकदा म्हणाले होते. "आधीचं सोडलं, पुढचं धरता आलं नाय. चित्राची लिपी तेवढी कोणत्या सरकारला बदलता येत नाय."

म्हणजे ज्याला आम्ही कलेचं तत्त्वज्ञान समजत होतो त्याच्या तळाशी एक मार खाल्लेलं पोर होतं. हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

एकदा प्राचार्यांनी त्यांना उशिरा येण्याबद्दल मेमो दिला. उत्तर लेखी द्यायचं होतं. सरांनी अर्ध्या कागदावर पडेगावहून येणारी सिटी बस काढून पाठवली. टपापर्यंत माणसं, दारात लोंबकळणारी माणसं, एक बोकड, आणि या सगळ्यांत दबलेला फक्त एक हात, कोळशानं काळी झालेली बोटं. प्राचार्य शिस्तीचे होते, पण आतून बरे असावेत. त्यांनी तो कागद टेबलाच्या काचेखाली ठेवला आणि सरांना पुन्हा कधी मेमो दिला नाही.

शेजारच्या महाविद्यालयात उर्दू शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या. सर त्यांना आपा म्हणत. कँटीनच्या कोपऱ्यातल्या टेबलावर दोघं चहा पीत आणि दखनी उर्दूत बोलत. तिथं मात्र सरांची जीभ सैल सुटायची. एकदा मी शेजारच्या टेबलावर होते. मॅडमनी पिशवीतून लहान मुलांचं एक पुस्तक काढून त्यांच्यापुढं सरकवलं. "भाई, ये देखो, अच्छी तसवीरां हैं इसमें."

सरांनी दोन पानं उलटली आणि चित्रांखालची उर्दू अक्षरं बघून पुस्तक मिटलं. "तसवीरां दिखाओ आपा, हरफां नक्को. भूल गया मैं सब."

"बचपन का लिक्खा हुआ कोई भूलता क्या?"

"मेरे कू तो मार-मारके भुलाए," सर म्हणाले आणि बशीत चहा ओतायला लागले. मॅडम हसल्या, पण पुस्तक पिशवीत ठेवताना त्यांचं हसू गेलं होतं.

सरांचं घर पडेगावला होतं, दौलताबादच्या रस्त्याला. दोन खोल्या, पुढं पत्र्याची पडवी, दारात शेवग्याचं झाड. मूलबाळ नव्हतं. सरांची बायको, आमच्या काकू, आणि ते, दोघंच. आम्ही कधी रविवारी गेलो की काकू बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी वाढत आणि सर पडवीत बाजेवर बसून समोरच्या टेकडीकडं बघत. आम्हाला नवल वाटायचं ते एका गोष्टीचं, या घरात एकही चित्र नव्हतं. पांढऱ्याफेक भिंती. देशमुखनं विचारलंच एकदा.

"घरात कशाला चित्र?" सर म्हणाले. "चित्र जिथं आपलं कुणी ऐकत नाय तिथं लावायचं."

काकू आतून म्हणाल्या, "इथं ते बोलत बी नायत आन् काढत बी नायत. मला चपलीच्या आवाजावरनं कळतं, आज काय बिनसलंय ते." आणि खरंच, तिथं सर कुणाला काही समजावायच्या फंदात पडत नसत. पाणी हवं असलं की मान वळवत, तेवढ्यात तांब्या आलेला असे.

सर निवृत्त व्हायच्या आधीच्या दोन-तीन वर्षांत महाविद्यालयाचं वारं फिरलं. नवे लोक आले. प्रत्येक चित्रासोबत एक पानभर 'संकल्पना' लिहून लावायची असं ठरलं. गुणही त्या पानाला. मुलं बिचारी रात्रंदिवस ती पानं लिहीत आणि चित्र मागाहून उरकत. वार्षिक प्रदर्शनाच्या दिवशी सर सकाळी लवकर आले आणि भिंतीवरचं एकेक पान उलटं करून ठेवत गेले, कोरी बाजू पुढं. कुणीतरी तक्रार केली. त्यांना बोलावून घेतलं गेलं. आत काय झालं माहीत नाही. बाहेर आले तेव्हा ते रांजणाच्या जागेपाशी जाऊन उभे राहिले. तिथं आता वॉटर कूलर होता. मी तेव्हा तिथंच नव्यानं शिकवायला लागले होते. जवळ गेले तर म्हणाले, "झालं बाई. आता चित्राला जीभ फुटली. माझं काय काम?" निवृत्तीचा समारंभ त्यांनी नको म्हटला. त्यानंतर महाविद्यालयाच्या आवारात पाऊल टाकलं नाही.

मग काही वर्षांनी पडवीतल्या बाजेवरून उठताना ते कोसळले.

पक्षाघात होता. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. काकूंनी शेजारच्या पोराला पाठवून देशमुखला निरोप दिला, देशमुखनं मला. त्याचं तोवर गुलमंडीला जाहिरातीचं मोठं दुकान झालं होतं. सरांच्या जुन्या मुलांना त्यानंच गोळा केलं. दवाखान्यात आम्ही आळीपाळीनं थांबायला लागलो. सरांना आमचं बोलणं किती कळत होतं कोण जाणे. जेवायचं का विचारलं तरी मान हलवत, नको का विचारलं तरी तशीच हलवत. डॉक्टरांनी बाराखडीचा तक्ता आणून अक्षरांवर बोट ठेवायला सांगितलं तर त्यांनी डाव्या हातानं तो ढकलून दिला.

पहिले वाईट दिवस निघून गेल्यावर डॉक्टरांनी देशमुखला आणि मला बाजूला घेतलं. "आता दोन गोष्टी आहेत," ते म्हणाले. "घरी न्या. मालिश करा, बसवा, बोलत राहा, जेवढं सुधारेल तेवढं. नाहीतर पुण्याला मोठ्या दवाखान्यात न्या, तिथं अजून काही करून बघतील. प्रवासात धोका आहे. मी जबरदस्ती करणार नाही. तुम्हीच ठरवा."

काकू खाटेच्या पायथ्याशी बसलेल्या असत. गुडघ्यांनी बेजार, जिना चढून यायचं तर अर्धा तास. आम्ही त्यांना विचारलं. त्या सरांच्या तोंडाकडं बघत म्हणाल्या, "त्यांला इथं गमत नाय."

"काकू, दवाखान्यात कुणाला गमतं?" देशमुख म्हणाला. तो प्रेमानंच म्हणाला. "प्रश्न सर बरे होण्याचा आहे."

"व्हय. मग तुम्ही बघा बाबा. तुम्ही त्यांची पोरं, तुम्हाला त्यांचं कळतं."

त्या दिवशी दुपारी सर फार अस्वस्थ होते. डाव्या हातानं खाटेच्या लोखंडी कडेवर आपटत होते. काहीतरी हवं होतं. पाणी दिलं, उशी बदलली, पंखा कमी केला, तरी आपटणं थांबेना. मग देशमुखच्याच डोक्यात आलं. "अरे, आपण काय वेडे आहोत! सरांना अक्षरं कशाला दाखवता? कोळसा द्या!" मी धावत जाऊन मोठा ड्रॉइंग पेपर आणि खाली धरायला पाट घेऊन आले. काकूंनी पिशवीतून दंतमंजनाची डबी काढली. ती त्यांनी घरून बरोबर आणली होती. देशमुखनं पाट धरला, मी कागद दाबून धरला, आणि सरांच्या डाव्या हातात कांडी दिली.

त्यांनी कागदाच्या उजव्या कडेपाशी हात नेला. आम्ही एकमेकांकडं बघितलं. देशमुखच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघ, उजवीकडून," तो हळूच म्हणाला. "शैली शाबूत आहे." रेघ वाकडी जात होती, कांडी दोनदा मोडली. पण सरांनी कागद पूर्ण होईतो हात थांबवला नाही. मग कांडी खाली टाकली, मान उशीवर टेकवली आणि आमच्याकडं बघत राहिले.

आम्ही कागद उचलून खिडकीच्या उजेडात नेला आणि, कुणी न ठरवता, वाचन सुरू झालं. आणखी दोघं-तिघं जुने विद्यार्थी आले होते, तेही भोवती जमले. उजव्या बाजूला उभी-तिरकी दांडी आणि तिच्यावर दोन तिरक्या रेघा, एकीवर एक. मध्ये एकमेकांना चिकटलेले दोन गोल. डाव्या बाजूला खाली उतरत गेलेली एक वळणदार रेघ. "बोट ठेवून सांगा," मी म्हणाले. सवयीनं तोंडात आलं. दांडी म्हणजे सलाईनचा स्टँड आणि नळी, याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. समोर तीच तर होती. मधले दोन गोल म्हणजे डोळे. उघडे, जागे. "सर हरलेले नाहीत," कुणीतरी म्हणालं. राहिली ती वळणाची रेघ. देशमुख तिच्यावरून बोट फिरवत राहिला, आणि मग त्याला दिसलं. "रस्ता आहे हा. घाटातला. दवाखाना, जागे डोळे आणि पुढं रस्ता. सर सांगतायत, इथं थांबू नका, पुढं न्या."

मलाही मग रस्ताच दिसायला लागला. एकदा दिसला की दुसरं काही दिसेना. शेजारच्या खाटेवर एक म्हातारे चाचा होते. त्यांचा मुलगा आमच्याकडं पाठ करून बापाला उर्दू पेपर वाचून दाखवत होता. आमची गर्दी झाली म्हणून त्यानं आवाज थोडा वाढवला, एवढंच.

काकूंनाही कागद दाखवला. त्यांनी तो मांडीवर घेऊन कितीतरी वेळ बघितला. "मला काय कळतंय त्यातलं," त्या म्हणाल्या. "पर लई जोर लावून काढलंय."

आम्ही खाटेजवळ आलो. वर्गातल्यासारखंच देशमुखनं सरांना आम्हाला काय काय दिसलं ते सांगितलं, एकेका रेघेवर बोट ठेवत. शेवटी म्हणाला, "सर, काळजी करू नका. पुण्याला नेतो तुम्हाला." सर ऐकत होते. त्यांचं तोंड एका बाजूनं हललं, घशातून आवाज आला, आणि डोळ्यांतून पाण्याची धार लागली, ती थांबेचना. देशमुखनं त्यांचा हात हातात घेतला. "पटलं सरांना," तो माझ्याकडं वळून म्हणाला. आम्ही सगळेच रडलो. इतकं बरं वाटलं होतं आम्हाला त्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी निघाली. काकूंच्या गुडघ्यांमुळं त्यांना बरोबर नेता आलं नाही. गाडीच्या दारापाशी त्या सरांच्या पायांवरची चादर सारखी करत राहिल्या. पुण्याच्या दवाखान्यात सर आठवडाही राहिले नाहीत. तिथं त्यांनी परत कोळसा हातात धरला नाही. दिला तर मूठ उघडत नसत. एका सकाळी मी चहा घेऊन वर गेले तर नर्स पडदा ओढत होती.

वर्षश्राद्धाच्या सुमारास आम्ही त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन भरवलं. चित्रं फार नव्हतीच. मेमोचं उत्तर प्राचार्यांच्या घरून मिळालं. वर्गात काढलेली काही रेखाटनं कुणीकुणी जपून ठेवली होती. आणि हॉलच्या मधोमध, जाड काळ्या चौकटीत, तो दवाखान्यातला कागद. खाली एक शब्दही लिहिला नव्हता. तो सरांचा नियम होता, आणि निदान त्यांच्या प्रदर्शनात तरी तो पाळायचा असं ठरलं होतं. लोक त्या चौकटीपुढं येऊन रेंगाळत. देशमुख काकूंना गाडीतून घेऊन आला होता. त्या दाराजवळच्या खुर्चीवर हातात पिशवी धरून बसल्या होत्या. इतकी माणसं बघून त्या अवघडल्या होत्या, पण मला वाटतं, खूशही होत्या.

दुपारी उर्दूच्या मॅडम आल्या. निवृत्तीनंतर त्या हैदराबादला लेकीकडं राहत होत्या. सर गेल्याचं त्यांना फार उशिरा कळलं होतं. केस पांढरेशुभ्र, हातात काठी. मी पुढं होऊन त्यांचा हात धरला. हॉलमध्ये दोन पावलं टाकली असतील नसतील, त्यांची नजर मधल्या चौकटीवर गेली आणि त्या तिथूनच म्हणाल्या, "अरे! घर!"

देशमुखनं ते ऐकलं आणि तो लगबगीनं पुढं आला. त्या कागदात कुणाला नवीन काही दिसलं की त्याला फार आनंद व्हायचा. "मॅडमना घर दिसलं! वा. आम्हाला हे सुचलंच नव्हतं. कुठं दिसतंय, मॅडम? बोट ठेवा ना."

मॅडमनी त्याच्याकडं जरा नवलानं पाहिलं. "दिसतंय काय? उर्दूत लिहिलंय की." त्यांनी चौकटीच्या काचेवर उजवीकडं बोट टेकवलं आणि डावीकडं नेत गेल्या. "हा गाफ. ही दोचश्मी हे, तिला दोन डोळे असतात ना, म्हणून तसं म्हणतो आम्ही. आणि हा रे. घर. लहान मुलं पाटीवर लिहितात ना, तसं मोठं मोठं लिहिलंय." त्यांचा चेहरा उजळला होता. "मैं बोली थी उनकू. बचपन का लिक्खा कोई नहीं भूलता. कधी लिहिलं हे?"

"दवाखान्यात," मी म्हणाले. "शेवटी."

देशमुख चौकटीकडं बघत होता. मॅडमनी पदरानं काच पुसली, जिथं त्यांचं बोट टेकलं होतं तिथं, आणि आमच्याकडं वळून विचारलं, "मग? नेलं ना त्यांना घरी?"

दाराजवळच्या खुर्चीवरून काकूंनीच उत्तर दिलं.

"नाय बाई," त्या म्हणाल्या. "पुण्याला नेलं."